स्काऊटची दहा तिकिटं

माझं उजवं मनगट हवा पावसाळी झाली की दुखतं. जालन्याचे डॉक्टर विचारतात, "नोकरीत काय काम होतं?" मी म्हणतो, "शिक्के मारायचं." ते हसतात. त्यांना वाटतं, मी सरकारी नोकरीची थट्टा करतोय. पण मी खरंच शिक्के मारले. पोस्टात लागलो तेव्हा डोक्यावर केस होते आणि निवृत्त झालो तेव्हा चष्म्याचा नंबर सहा होता. मधल्या काळात हातानं दुसरं काही फारसं केलं नाही.

भोकरदन आणि हसनाबादच्या मध्ये कुठंतरी आमचं पोस्ट ऑफिस होतं, एवढं सांगितलं तरी पुरे. गावाचं नाव लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. का, ते पुढं कळेल. दोन खोल्या, एक लोखंडी तिजोरी, मी पोस्टमास्तर आणि साळवे पोस्टमन. पंखा होता, वीज असली की फिरायचा.

बाहेरच्या माणसाला शिक्का म्हणजे काय ते कळत नाही, म्हणून सांगतो. तिकीट म्हणजे पैसा. पाच रुपयांचं तिकीट म्हणजे पाच रुपये. पत्र निघालं की तो पैसा वापरला गेला, आता तो मारून टाकायचा, म्हणजे पुन्हा कुणी वापरू नये. त्यासाठी शिक्का. रोज सकाळी त्यातले तारखेच्या आकड्यांचे खिळे बदलायचे, पहिला ठसा वहीत घ्यायचा, आणि मग दिवसभर शाई, पाकीट, शाई, पाकीट. गावाचं नाव आणि तारीख वाचता आली पाहिजे, हा नियम. ज्या ऑफिसातून पत्र निघतं तिथला शिक्का तिकिटावर बसतो. जिथं पोचतं तिथला शिक्का पाकिटाच्या पाठीवर. आणि वाटेत एखाद्या तिकिटावर शिक्का बसायचाच राहिला किंवा पुसट बसला, तर जिथं पत्र पोचलं त्या ऑफिसनं ते तिकीट मारायचं. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. माझी झोप त्यानं घालवली.

लोक तिकिटं धुतात, खोटं वाटेल. आमच्याकडे एक किराणा दुकानदार होता, तो आलेल्या पाकिटांवरची तिकिटं वाटीत भिजवून, पाटीवर वाळवून पुन्हा लावायचा. पकडला तेव्हा म्हणाला, "साहेब, धुतलेला सदरा आपण घालतो का न्हाई?" मला हसू आलं. पाकीट मात्र परत केलं.

आता विशेष तिकिटांचं. कुणा थोर माणसाची जयंती, एखाद्या संस्थेची शंभरी, एखादा पक्षी, एखादं देऊळ, असं काही निमित्त असलं की खातं वेगळं तिकीट काढतं. ते एकदाच छापतात. संपलं की संपलं. शहरात त्यासाठी रांगा लागतात म्हणे. आमच्याकडे जालन्याहून एखाददुसरं शीट यायचं आणि सोबत तोंडी निरोप, खपवा. गिऱ्हाईक म्हणायचं, "साधं द्या. हे लई मोठं हाय, पत्ता कुठं लिहू?" एका म्हातारीनं तर एका महाराजांचं तिकीट माझ्यापुढं परत सरकवलं. म्हणाली, "ह्या देवमाणसाला जीभ लावू का मी?" तिला पाण्यात बुडवलेलं बोट दाखवलं, तरी पटलं नाही.

या तिकिटांवर जीव टाकणारा एकच माणूस आमच्याकडे यायचा, अंबडचे एक वकील. दोन एसट्या बदलून यायचे, आमच्या ऑफिसचा शिक्का त्यांच्या संग्रहात हवा म्हणून. पाकीट माझ्यापुढं ठेवायचे आणि श्वास रोखून उभे राहायचे. "साहेब, कोपरा. फक्त कोपरा." शिक्का तिकिटाच्या कोपऱ्यावर हलका बसला तर चित्रही दिसतं आणि गावही वाचता येतं. जरा जास्त दाबला की चित्र गेलं. त्यांनी मला शिकवलं की त्याच हातानं, त्याच शाईनं एखादी गोष्ट जपताही येते आणि खराबही करता येते. कोर्टात हरलेल्या माणसासारखे ते दोनदा माझ्या काउंटरवरून परत गेले. बाकी प्रत्येक वेळी खूश होऊन.

असंच एकदा स्काऊट चळवळीवरचं तिकीट आलं. एक शीट. सहा महिने ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. मग एके दिवशी शेख गुरुजी आले.

गुरुजी आमच्याच गावचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आणि स्काऊट मास्तर. खाकी कपडे, गळ्यात रुमाल, खिशाला शिट्टी. उजवा हात सलामीला आणि डावा हात मिळवायला, हा स्काऊटचा रिवाज. काउंटरच्या जाळीतूनही ते डावाच हात पुढं करायचे. आमच्या पार्सलांच्या सुतळीच्या गाठी त्यांना बघवायच्या नाहीत. "मास्तर, ही गाठ सुटून राह्यली. द्या इकडं." आणि पंधरा मिनिटं उभं राहून आमची सगळी पार्सलं बांधून द्यायचे. रोज एक चांगलं काम करायचं, हाही त्यांचा नियम. बऱ्याचदा ते काम आमच्या वाट्याला यायचं.

तिकीट पाहून त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे आमचं हाय?" म्हणाले. "तुमचंच," मी म्हणालो. त्यांनी दहा तिकिटांची सलग पट्टी घेतली. एकही लावायला नव्हे. मेणकागदात गुंडाळून घरी ठेवली, दरवर्षी नव्या पोरांना दाखवायला. म्हणायचे, "आपल्या कामाचं सरकारनं तिकीट काढलं, हे पोरांना खरं वाटत न्हाई. दाखवलं की सरळ उभे राहतात."

त्यांचा मुलगा सलीम त्यांच्याच पथकात वाढला. चांगला उंच, हुशार मुलगा. पदवी झाली, पण नोकरी मिळेना. रेल्वेत स्काऊटच्या कोट्यातून भरती निघाली. त्याची बाकी सगळी प्रमाणपत्रं होती. एका शिबिराचं तेवढं नव्हतं, कारण त्या आठवड्यात त्याला टायफॉईड झालेला. शिबिर घेतलं होतं गुरुजींनीच. हजर होता असं लिहून एक सही करायची, बस.

गुरुजींनी सही केली नाही.

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, पुष्कळ नंतर. "मी म्हणलो, तू तिथं नव्हता. मंग मी कसं लिहू की होता? तो म्हणला, अब्बा, मी आजारी होतो, पळून नव्हतो गेल्तो. मी म्हणलो, ते बराबर हाय, पण कागदावर तसं लिहिता येत न्हाई." त्यावरून घरात रडारड झाली. सलीम बाहेर निघून गेला, संध्याकाळी परत दारात आला, आणि गुरुजींनी त्याला आत ये म्हटलं नाही. तो दारातच काही वेळ उभा राहिला आणि मागल्या दारानं सामान घेऊन गेला. मोबाईल बंद. मित्रांना माहीत नाही.

दहा-अकरा महिन्यांनी एक पाकीट आलं. गुरुजींचा पत्ता, सलीमचं अक्षर, वर स्काऊटचं तिकीट. आत काही नाही. अगदी रिकामं. गुरुजी ते घेऊन काउंटरवर आले. "मास्तर, शिक्का वाचा." मी भिंग लावून वाचलं, नांदेड. घरी जाऊन त्यांनी मेणकागद उघडला. पट्टी गायब. जाताना सलीमनं तेवढी एकच वस्तू बापाची म्हणून नेली होती.

तेव्हापासून हा रिवाज पडला. वर्षाला एक, कधी दीड वर्षानं एक, रिकामं पाकीट. तिकीट स्काऊटचंच. म्हणजे मी आहे, आणि इथं आहे. आणि जे बोलायचं ते बोलणार नाही. दुसरं सिकंदराबादहून आलं, तिसरं, चौथं सुरतेहून, पुढची दरवेळी वेगळ्याच गावाहून. सुरतेला गुरुजी फोटो घेऊन गेले होते. चार दिवस कापडाच्या मार्केटात फिरले आणि सुजलेले पाय घेऊन परत आले. त्यानंतर गेले नाहीत. म्हणायचे, "त्याला यायचं असलं तर येईल." भाभी, म्हणजे गुरुजींची बायको, त्यांना शिक्का वाचता येत नसे. त्या पाकीटच उशाखाली ठेवायच्या.

मी आणि साळवे, आम्हीही या हिशेबात सामील झालो. पट्टी दहाची, एवढं आम्हाला पक्कं ठाऊक, कारण मीच फाडून दिलेली. पाकीट आलं की मी ते हातानं बाजूला काढायचो. पाठीवर आमचा शिक्का अलगद मारायचो, अंबडच्या वकिलांना मारायचो तसा. साळवे बाकीचं टपाल सोडून आधी गुरुजींच्या घरी जायचा.

नववं पाकीट आलं तेव्हा भाभींची तब्येत बिघडलेली होती. किडनीचा आजार. त्या दिवशी गुरुजी काउंटरवर बराच वेळ बसले. मग म्हणाले, "मास्तर, आता एकच तिकीट राह्यलं. ते संपलं की तो कशानं कळवणार? तुमच्या भाभीला मी जबान दिली. दहावं जिथून येईल तिथं मी जाणार. शोधणार, आणि सांगणार."

"काय सांगणार?"

"सही न्हाई केली ते बराबर होतं. पण दारात उभा होता आणि मी आत ये म्हणलो न्हाई, ते चुकलं. एवढंच."

एवढंच म्हणाले, पण त्या एवढ्यासाठी ते दहाव्या पाकिटाची वाट पाहत होते, आणि आम्हीही.

दहावं पाकीट राखीच्या आठवड्यात आलं. पोस्टातल्या माणसाला राखीचा आठवडा म्हणजे काय ते विचारा. पोत्यानं पाकिटं. फुगलेली, कुंकवानं डागलेली, आत मोती आणि तांदूळ खुळखुळणारी. त्यात आठच दिवसांपूर्वी वरून एक कागद आलेला, की तपासणीत आलेल्या टपालावरची तिकिटं न मारता सुटलेली आढळली, जबाबदारी निश्चित केली जाईल. जबाबदारी म्हणजे मी. त्या दिवशी साळवे बाहेर वाटपाला गेला होता. मी सकाळपासून एकटाच बसलो होतो, अंगात कणकण होती. डावा हात पाकीट सरकवतो, डोळा तिकिटावर जातो, पुसट दिसलं की उजवा हात पडतो. एका वेळेनंतर डोकं त्यात नसतंच.

तिकिटावर पुसट ठसा होता. शाई नसलेला, नुसता कोरडा. हात पडला. काळाभोर, गोल, मधोमध, आमच्या गावाचं नाव आणि आमची तारीख. इतका स्वच्छ शिक्का मी वर्षभरात मारला नसेन. आणि हात उचलल्यावर मला त्याखालचं तिकीट दिसलं.

मी पाकीट उजेडात धरलं. भिंग लावलं. तिरपं केलं. कडेला शेवटची दोन अक्षरं कशीबशी उरली होती, 'पूर'. नागपूर असेल, सोलापूर असेल, रायपूर, जबलपूर, कानपूर. निम्मा देश. पिनकोड होता तिथं माझी शाई. रबरानं पुसून पाहिलं तर कागद उसवायला लागला, म्हणून थांबलो.

साळवे परत आला तेव्हा मी तसाच बसलेलो. त्यानं पाकीट पाहिलं. पाणी प्यायला. मग म्हणाला, "साहेब, देऊन येतो."

"काय सांगणार?"

"बघतो."

संध्याकाळी गुरुजी आले. पाकीट हातात. मी उठून उभा राहिलो. सांगायचं ठरवलं होतं, शपथेवर सांगतो. पण गुरुजी म्हणाले, "साळवे म्हणला, त्याच्या हातून झालं." आणि माझ्याकडे पाहत राहिले. मी साळवेकडे पाहिलं. तो टपालाची पिशवी झटकत होता, वर बघत नव्हता. मी म्हणालो, "राखीची गर्दी होती, गुरुजी. फार वाईट झालं."

खोटं म्हणाल तर मी एक शब्द खोटा बोललो नाही. फक्त दुसऱ्याचं खोटं तसंच राहू दिलं.

गुरुजींनी पाकीट उजेडाकडे धरलं, तिकीट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बराबर हाय," म्हणाले. "होतं असं." डावा हात पुढं केला, मी मिळवला, आणि ते गेले.

रात्री साळवेला म्हणालो, "तू कशाला अंगावर घेतलंस?" तर म्हणाला, "तुमचं रिटायरमेंट दोन वर्षांवर आलं साहेब, वरून आधीच कागद आल्ता. कुणी तक्रार केली तर माझं काय, मी साधा पोस्टमन. आणि गुरुजी मला रागावणार न्हाईत." मी त्याला धन्यवादसुद्धा नीट दिले नाहीत. मला तेव्हा हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण हायसंच वाटलं.

पुढं मी जमेल ते केलं. 'पूर'नं संपणाऱ्या गावांच्या मोठ्या पोस्टांतल्या ओळखीच्या माणसांना फोन केले. सगळे हसले. "अरे, रोज किती पाकिटं जातात, आणि तू स्काऊटच्या तिकिटाचं विचारतोस?" अंबडच्या वकिलांकडे पाकीट नेलं. ते निळा दिवा लावून, भिंगाखाली धरून अर्धा तास बसले. शेवटी म्हणाले, "पोस्टमास्तर, इतका चांगला शिक्का तुमच्या ऑफिसात कधी बघितला नव्हता." ते थट्टा करत नव्हते, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांच्या संग्रहात ते तिकीट कोरं होतं, त्यांनी तेही दिलं. सलीमला पुन्हा लावता यावं म्हणून. पण ते पाठवायचं कुठं?

अकरावं पाकीट आलं नाही. भाभी पावणेदोन वर्षांनी गेल्या. शेवटपर्यंत साळवे गल्लीत आला की त्या आतून विचारायच्या, "कुछ आया क्या, साळवेभाई?" साळवेनं हे मला सांगितलं नाही. त्यांच्या दफनाच्या दिवशी कळलं.

मी निवृत्त झालो. समारंभात शाल, नारळ आणि भाषणं, माझ्या निष्कलंक सेवेबद्दल. साळवे मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होता.

आता पोस्टात जावंसं वाटत नाही. रजिस्टर पोस्ट गेलं, सगळं स्पीड पोस्टात मिसळलं. मशीनमधून पट्टी निघते, ती चिकटवतात. तिकीट मागितलं तर नवीन मुलगी ड्रॉवर शोधत बसते. तिची चूक नाही. कुणी मागतच नाही.

या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मी गमतीजमती लिहायला बसलो होतो. तिकिटं धुणारा, म्हातारी, वकील. ते लिहून झालं आणि पुढं हात चालेना. चार दिवस तसाच बसलो. मग एसटीनं गुरुजींकडे गेलो.

गुरुजी आता ऐंशीच्या घरात आहेत. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. पांढरी लुंगी, गळ्यात काही नाही. रुमाल खिळ्यावर टांगलेला. मी सरळ सांगितलं. "गुरुजी, तो शिक्का साळवेनं नव्हता मारला. मी मारला."

ते उठून आत गेले आणि पाकीट घेऊन आले, दहावं. उलटं करून पाठ दाखवली, मग सुलटं. "मास्तर, साळवे डावखुरा. त्याचा शिक्का डावीकडं कलतो. माझ्या घरी वीस वर्षं टपाल येऊन राह्यलं, मला दिसत न्हाई का? हा बघा कसा उजवीकडं कलला. मी पहिल्याच दिवशी पाह्यलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही येऊन सांगाल म्हणून वाट पाहून राह्यलो."

मला खाली बघावं लागलं. सलीमला ठेवलं तसंच त्यांनी मलाही दारात उभं ठेवलं होतं, इतकी वर्षं, आणि मी आत गेलो नव्हतो.

थोड्या वेळानं म्हणाले, "लिहा. पण मला बोल लावू नका, तुम्हाला बी लावू नका. त्याच्यासाठी लिहा. तो वाचत असंल. लहानपणी अंक आला की आधी तोच फोडायचा."

म्हणून लिहितोय. नाव बदललंय, पण दहा तिकिटांची पट्टी ज्यानं नेली त्याला कळेल.

बाळा, तुझं दहावं पाकीट पोचलं. ते कुठून आलं हे तुझ्या वडिलांना कळलं नाही, माझ्यामुळं. म्हणून ते आले नाहीत. तू वाट पाहिली असशील, तर त्यांचा राग धरू नकोस, माझा धर. तुझी आई गेली, हे तुला कुणी सांगितलं नसेल. दहाही पाकिटं तिच्या उशाखाली होती. तुझ्या वडिलांना तुला दारातून आत बोलवायचं आहे, आणि आता त्यांना सुरतेला काय, भोकरदनलाही एकट्यानं जाता येत नाही.

स्काऊटचं तिकीट आता कुठं मिळत नाही. साधं लाव. कोणतंही चालेल.